अंबू, तू ते तमिळमध्ये का सांगितलंस

समोरच्या घरातली कमला ऊर बडवत आत आली. "ऐयो आक्का, पोयिट्टियेऽ, गेलीस ग आक्का, आम्हाला टाकून गेलीस," असा गळा तिने ओट्यापासूनच काढला होता. उंबरा ओलांडून तिने मान वर केली तर आक्का भिंतीला टेकून बसलेली. म्हणजे मी. तिचा हात छातीवर तसाच राहिला. मग तिने खाली पाहिलं. चटईवर तू होतीस.

"अंबूवा?" ती म्हणाली. रडणं विसरून, दारावर आलेल्या भाजीवाल्याला विचारावं तसं. "अंबूवा? अंबू का?"

ती एकटीच चुकली असं नाही. मागून आलेल्या सगळ्या बायका आधी मला शोधत होत्या, चटईवर. कोपऱ्यावरच्या फुलवालीने हार करायला घेताना तुझ्या मुलाला, मुरलीला, फोनवर विचारलं म्हणे, "कॅन्सर आक्काच ना?" त्यांचा दोष नाही. या घरात आता मरणाची पाळी कुणाची, हे आपल्या मेलकावेरी भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मला रडू आलं नाही, अंबू. लाज वाटली. पंगतीत चुकून दुसऱ्याच्या पानावर बसावं, निम्मं जेवण व्हावं, आणि मग ज्याचं पान तो हात धुवून समोर उभा राहावा, तशी लाज. उठताही येत नाही आणि खाताही येत नाही.

मुरली म्हणतो, आपल्या इकडच्या मराठी लोकांच्या अंकात तुझा फोटो छापणार आहेत, खाली चार ओळी लिहून दे. मला चार ओळींत बोलता येत असतं तर तू आणि मी जन्मभर भांडलो कशाला असतो? पाचवीपर्यंत शाळा झाली, तीही तमिळ. बालबोध अक्षरं मठातल्या भजनाच्या पुस्तकावरून शिकले. आपण घरात बोलतो ती मराठी तिकडची, मराठी मुलखातली माणसं ऐकतात आणि हसतात, म्हणून जमेल तशी पुस्तकी लिहिते आहे. तू हसू नकोस.

तू धाकटी जाऊ होऊन आलीस तेव्हा मला 'तुम्ही' म्हणायचीस. तुझा टाका बारीक होता, माझ्यापेक्षा बारीक, ते मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. आपले दोन्ही पुरुष शिंपी. ते गेल्यावर पुढच्या खोलीत तुझं एक मशीन उरलं. तिरुभुवनमहून पट्टूच्या, म्हणजे रेशमी साड्या घेऊन लग्नघरच्या बायका यायच्या. तू कापायचीस, शिवायचीस. मी हूक लावायची, काजं करायची, आणि तुझं कुठे चुकतं ते सांगायची.

मग मला पहिला आजार झाला. डावा स्तन काढला आणि नंतर तंजावूरला नेऊन करंट दिला. रेडिएशनला इकडे सगळे करंटच म्हणतात. त्याने कातडी तव्याच्या बुडासारखी काळी झाली, सोलली, मग वाळलेल्या चामड्यासारखी ताठ बसली. ती जखम तू धुवायचीस. त्यातल्याच एका दिवशी तू मला म्हणालीस, "आक्का, हात वर कर." करा नाही, कर. मी मनात म्हटलं, बघा, माझं एक कमी झालं तशी हिची जीभ वाढली. पण बोलले नाही, कारण हात वर करताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तू पाहू नयेस असं वाटत होतं. पाहिलंसच.

बरी झाल्यावर तू मला न विचारता एक पॅड शिवलंस. मलमलची पिशवी, त्यात सावरीचा कापूस, आणि वर सरकू नये म्हणून तळाशी वजनाला नाचणीचे दाणे. ब्लाउजच्या आतून तिला बसायला जागा केलीस. मी घालून पाहिलं. आरशात मी सरळ दिसत होते. "ठीक आहे," मी म्हणाले. एवढंच. लोक माझ्याकडे पाहायचे तेव्हा त्यांना जे दिसायचं ते तू शिवलेलं होतं, आणि मी म्हणाले ठीक आहे.

पुढे इतकी वर्षं गेली की तपासणीला जायचंही मी सोडून दिलं. तू आठवण करायचीस. मी म्हणायची, मेलेल्या जागेत काय बघायचं?

त्याच मेलेल्या जागेवर डाग उठला. जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा रंग. तुला दाखवला तेव्हा तू म्हणालीस, "अक्की आहे." मराठीत नागीण म्हणतात तीच. आपल्याकडे तिच्यावर डॉक्टर कशाला, साक्कोट्टैच्या वाटेवरच्या कुंभाराच्या घरी जायचं. तिथल्या म्हातारीने काव पाण्यात कालवली, पिसाने डागाभोवती रेघा ओढल्या आणि मधोमध सिंह काढला. सिंहाने अक्की खायची. तो सिंह फार मिशाळ निघाला. रिक्षात बसल्यावर तू म्हणालीस, "आक्का, हे तर मांजर आहे. दूध पिऊन जाईल, अक्की राहील." आपण दोघी इतक्या हसलो की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

काव वाळून पडली. डाग होता तिथेच होता, थोडा मोठा. पुन्हा गेलो, पुन्हा काव. नंतर नंतर तू म्हणायचीस, एकदा डॉक्टरला दाखवू या का, आणि मीच म्हणायची, कुंभारणीकडेच चल. खाली काय आहे ते त्या लाल रंगाने दिसत नसे. मला तेच हवं होतं. कारण तोवर डागाखाली गाठ आली होती. सुपारीएवढी, हाडाला धरून बसलेली. आंघोळीला बसले असताना हाताला लागली. तू भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात फोडणी घालत होतीस. हाक मारली असती तर फोडणी जळली असती, तेवढंच.

हाक मारली नाही. गाठ वाढली तसं पॅड पुढे येऊ लागलं, म्हणून मी पॅडची शिवण उसवून चिमूटभर कापूस काढला. मग आणखी चिमूटभर. परसात टाकायची. खारी तो तोंडात धरून भिंतीवरून पळायच्या. त्यांचं घरटं माझ्या छातीच्या कापसाचं झालं, या गोष्टीचं मला थोडं हसूही आलं. एवढी मी मूर्ख.

तुला कळलं ते ब्लाउजच्या हुकांवरून. हूक ताणताहेत म्हणून तू ब्लाउज हातात घेतलास आणि पॅड बाहेर आलं. नुसती पिशवी. तळाशी दाणे.

"आक्का, यातला कापूस कुठे गेला?"

"बसला असेल."

"कापूस बसतो. नाहीसा होत नाही." तू माझ्याकडे पाहिलंस, टाचण्या तोंडात धरून गिऱ्हाइकाकडे पाहतेस तसं. "आणि पॅड रिकामं, तरी तुझी डावी बाजू भरलेली. काय भरलंयस तिथे?"

"पाप," मी म्हणाले.

तू हसली नाहीस. पदर ओढलास. मी तुझ्या हातावर मारलं, तरी ओढलास. पाहिलंस, पदर पुन्हा नीट खांद्यावर ठेवलास, आणि फोन घेऊन ओट्यावर गेलीस.

आता इथे आपलं भांडण सुरू होतं, आणि ते अजून संपलेलं नाही.

आपलं घर दोन भाषांचं. दुकानात, रस्त्यात, देवळात तमिळ. उंबऱ्याच्या आत मराठी. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला दिवस गेले, कुणाच्या घरात सासू-सुनांची चूल वेगळी झाली, सगळं मराठीत. गिऱ्हाईक मापाला समोर उभं असताना तिच्याच पोटाबद्दल आपण बोलायचो आणि ती आपल्याकडे बघून हसायची. आपल्याला दाराला पडदा लावायची गरज पडली नाही. तू मुरलीशीही नेहमी मराठीतच बोलायचीस. त्या दिवशी ओट्यावर उभी राहून, समोर कमला रांगोळीचं भांडं घेऊन उभी असताना, तू मुलाला तमिळमध्ये सांगितलंस. मोठ्याने. "पेरियम्माच्या छातीवर पुन्हा गाठ आली आहे. करंट दिला होता तिथेच. तिने लपवून ठेवली." पेरियम्मा म्हणजे मी, त्याची थोरली काकू.

गल्लीला कळलं. संध्याकाळपर्यंत पाणीवाल्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी कमला म्हणाली, डॉक्टरकडे कधी? त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा, अजून गेला नाहीत? वाण्याने तर विड्याची पानं देताना हात आखडला. म्हणाला, आक्का, आधी हॉस्पिटल, मग पान. मला पळायला वाट उरली नाही.

मी तुला म्हणाले, तू मला रस्त्यात उघडं केलंस. तू म्हणालीस, हो. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. चेन्नईच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. तू इडलीचा डबा माझ्या मांडीवर ठेवलास आणि मराठीत म्हणालीस, "तोंड फिरवलंस तरी उघडावं लागेलच."

चेन्नईला छातीचा एक लहान तुकडा काढला, त्यातून नीट काही कळलं नाही. मग खोल तुकडा काढला. नळकांड्यासारख्या मशीनमध्ये घालून सगळं अंग पाहिलं. फुप्फुसात काही गेलेलं नाही म्हणाले. डॉक्टरीण तुझ्या सुनेच्या वयाची. मला पाटी म्हणायची, आजी.

"पाटी, तुमचा जुना आजार परत आलेला नाही. हा नवा आहे. करंट दिलेल्या जागेतून, खूप वर्षांनी, असं कधीतरी उगवतं. फार थोड्या लोकांना होतं. सार्कोमा म्हणतात."

"म्हणजे औषधानेच केलं," मी म्हणाले.

"औषधाने तुम्हाला एवढी वर्षं दिली. आणि हो, हेही त्यानेच केलं."

फिरवून सांगितलं नाही, म्हणून ती मला आवडली. तिने पुढचंही सांगितलं. त्या जागेने करंटचा आपला वाटा कधीच घेतला आहे, पुन्हा देता येत नाही. सलाईनमधलं औषध या गाठीला फारसं पोचत नाही. कापायचं, आणि भरपूर कापायचं. वरची कातडी, गाठ, खालच्या तीन बरगड्या आणि मधल्या हाडाची कड. छातीला खिडकी पडेल. ती जाळीने बंद करायची, नाहीतर श्वास घेताना छाती आत ओढली जाते. जाळीवर पाठीचं मांस आणि कातडी फिरवून आणायची, कारण जळक्या कातडीवर टाका धरत नाही. तिने कागदावर काढून दाखवलं. तू कागद स्वतःकडे फिरवून घेतलास.

"म्हणजे पाठीचं कापड पुढे. तोडायचं नाही, एका कडेने जोडलेलं ठेवून वळवायचं."

"तुम्ही टेलर आहात का?" डॉक्टरीण म्हणाली.

"ही म्हणते नाही," तू माझ्याकडे बोट दाखवलंस.

या वयात टेबलावरच जीव जाऊ शकतो, हेही तिने सांगितलं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी म्हणाले, "घरी ने मला. पुरे झालं."

"मीच तुला कुंभाराकडे नेलं," तू म्हणालीस.

"हो. तूच नेलंस," मी म्हणाले.

गाठ हाताला लागली ती मला. कापूस काढला तो मी. डॉक्टरची गोष्ट तू काढलीस आणि मी मोडली. तरी मी म्हणाले, तूच. समोर कुणी स्वतःहून मान पुढे केली तर तिच्यावर ओझं टाकणं सोपं जातं. तू ते घेतलंस, आणि वर मलाच दटावलंस.

"मर ना, कोण नको म्हणतंय? पण तू गेलीस की मी भांडू कुणाशी? सून तमिळ. नातवंडं तमिळ. मुरली मराठीत फक्त 'बरं' म्हणतो. मला तमिळमध्ये माप घेता येतं, घासाघीस करता येते. भांडता येत नाही, आक्का. तमिळमध्ये भांडायला लागले की मी दुसरीच कुणी बाई होते."

यासाठी मी सही केली. जगायची हौस वगैरे मला नव्हती. तुझं म्हणणं मला पटलं, एवढंच.

आयसीयूतलं मला फारसं आठवत नाही. छातीतून निघालेली नळी, खाटेखाली बाटली, बाटलीत बुडबुडे. खोकला आला की कुणीतरी आतून सुरी फिरवतंय असं वाटे. मग ते प्लास्टिकचं खेळणं, तीन चेंडूंचं. श्वास ओढून चेंडू वर न्यायचे. पहिलाच हलेना. तू म्हणालीस, "भांडताना तर छपरावरची कौलं हलतात." मी रागाने श्वास ओढला आणि चेंडू टणकन वर गेला. नर्सला वाटलं, तू मला काहीतरी प्रेमाचं सांगितलंस.

जखम मी पाहिली नाही. पट्टी बदलायची वेळ झाली की मी भिंतीकडे बघायची. पाहायचीस तू आणि मला सांगायचीस, शेजारणीच्या ब्लाउजबद्दल सांगावं तसं. "टाके बरे आहेत. बगलेजवळ दोरा जरा ओढलाय. रंग जुळत नाही, पाठीचं कापड गोरं निघालं. पण सुरकुती नाही." मी म्हणायची, पुरे. तू म्हणायचीस, "तुझंच अंग आहे, आक्का, कधीतरी बघावं लागेल." एक दिवस पाहिलं. तू सांगितलं होतंस तसंच होतं. तू उगाच गोड केलं नव्हतंस, म्हणून मला पाहता आलं. हे तुला मी सांगितलं का? नाही.

चेन्नईतलं मुरलीचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढताना प्रत्येक वळणावर तू थांबायचीस. "थांब आक्का, श्वास घे." मी थांबायची, घ्यायची. तूही कठड्याला धरून उभी राहायचीस. मला वाटायचं, माझ्यासाठी थांबतेस.

इकडे घरी आल्यावर तू माझ्या खाटेशेजारी भिंतीला उशा लावून बसल्या बसल्या झोपायला लागलीस. मी म्हणायची, आडवी हो, मी काही लगेच मरत नाही. तू म्हणायचीस, "मला असंच बरं वाटतं." मला वाटायचं, माझी राखण करतेस. वर तोंड वाकडं केलं तरी आतून मला ते आवडायचं. माझ्यासाठी कुणी बसून झोपतंय, याचा मला मान वाटायचा. हेही लिहिते.

रिपोर्ट आला. कापलेल्या सगळ्या कडा स्वच्छ निघाल्या. पुढच्या तपासण्यांतही काही नाही. प्रत्येक वेळी तू माझ्याबरोबर चेन्नईला यायचीस, गोळ्यांची वेळ सांभाळायचीस, डॉक्टरणीला प्रश्न विचारायचीस. डॉक्टरीण एकदा म्हणाली, "तुमची तब्येत कशी आहे?" तू म्हणालीस, "मला काय धाड भरलीय?" आणि मीही मान डोलावली. घरात आजारी माणूस एक होतं, ते मी होते. ती जागा भरलेली होती.

तू पॅडही नवं केलंस, वेगळ्या आकाराचं, पुढून नाडीने बांधायच्या ब्लाउजात. यावेळी शिवण उसवता येऊ नये म्हणून मशीनची दुहेरी टीप मारलीस. "आता काढ कापूस," म्हणालीस.

आणि मग तुझ्या चपला. एक दिवस दारात तुझ्या चपला पाहिल्या. पट्टा कापून मध्ये जाड कापडाचा तुकडा शिवला होता, सैल व्हायला. मी म्हणाले, "शिंपीणबाई आता चपलासुद्धा शिवायला लागल्या. चांभाराच्या पोटावर पाय." तू हसलीस. "पाय फुगलेत ग जरा, मशीन मारून." मी म्हणाले, मग मोटर लाव, आळशी. तू मोटर लावलीस.

पॅडमधला कापूस कमी झाला तर तुला माणूस कळलं. तू चपलेला अख्खा तुकडा जोडलास, मला दिसेल असा, दारात, आणि मी विनोद केला.

परवा सकाळी मला कॉफी मिळाली नाही. मी खाटेवरूनच ओरडले. "अंबू, ऊन अंगणात आलं. दुधाला विरजण लावून बसलीस का?" तू उशांना टेकून बसली होतीस, नेहमीसारखी, हनुवटी छातीवर. मी आणखी बोलले. उठता येत नाही का, मला आजारी माणसाला उठावं लागणार का, असं बोलले. मेलेल्या बाईला मी किती वेळ बोलत होते, कुणास ठाऊक. शेवटी उठले आणि तुझ्या खांद्याला हात लावला.

तुला बायकांनी न्हाऊ घातलं तेव्हा मी म्हणाले, पाय मी धुते. कमला म्हणाली, आक्का, तुमच्याने वाकवत नाही. मी वाकले. उरलेल्या बरगड्यांनी वाकता येतं, तूच म्हणायचीस. तुझे पाय माझ्या हातात घेतले. घोटे नव्हतेच. बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. माझ्या अंगाचा टीचभर तुकडा नाही जो तू पाहिला नाहीस, धुतला नाहीस. तुझे पाय मी पहिल्यांदा हातात घेतले, ते असे.

दाखला लिहायला आलेल्या डॉक्टरने विचारलं, पायाला सूज होती का? जिना चढताना दम लागायचा का? आडवं झोपता यायचं का? माझ्याजवळ तिन्ही उत्तरं होती. तो म्हणाला, हृदय बऱ्याच दिवसांपासून थकलेलं असणार. गोळ्या असतात त्याला. साध्या.

तर अंबू, आपलं भांडण. तू मला उघडं केलंस, या माझ्या म्हणण्यावर तू एकदाच 'हो' म्हणालीस आणि गप्प राहिलीस. मी मात्र ते प्रत्येक सणावाराला काढलं. दिवाळीला तेल लावतानाही काढलं. तुला उत्तर येत होतं. तू दिलं नाहीस.

परवा ते मला मिळालं. तू चटईवर होतीस, मुरली लाकडांच्या व्यवस्थेला गेला होता. बायका आपसात म्हणत होत्या, अचानक गेली हो, धडधाकट होती, बघता बघता गेली, आणि ही बघा. 'ही' म्हणजे मी. त्या मोठ्याने म्हणत नव्हत्या. मी तुझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "अचानक नाही ग." कुणाला कळलं नाही. कमलाने मला पाणी दिलं. मी मराठीत काहीही म्हणू शकत होते. त्या खोलीत ते माझ्यापाशीच राहिलं असतं. आता या घरात मी मराठीत बोललेलं सगळंच माझ्यापाशी राहणार आहे. तू माझी गोष्ट मराठीत ठेवली असतीस तर मीही ती अशीच गिळली असती, आणि तिच्याबरोबर गेले असते.

म्हणून मी उठले. ओट्यावर गेले. गल्लीत माणसं उभी होती, वाणी होता, रिक्षावाले होते. मी तमिळमध्ये सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. माझा श्वास पुरत नव्हता, म्हणून थांबत थांबत सांगितलं. अंबू अचानक गेली नाही. तिचे पाय सुजत होते. तिला आडवं होता येत नव्हतं. ती माझ्या खाटेशेजारी बसून झोपत होती आणि मला वाटलं, माझ्यासाठी. मी बघितलं नाही.

वाण्याने मान खाली घातली. मी आत येऊन पुन्हा भिंतीला टेकून बसले.

छातीत गाठ होती ती मला. बरगड्या कापल्या त्या माझ्या. वाचले, ती मी.